चारुलता: चांगल्या नवऱ्याच्या घरातलं एकटेपण

नवरा दारुडा असेल, संशयी असेल, हात उचलणारा असेल तर बायकोचं मन दुसरीकडे वळलं तरी आपल्याला ते पटतं, समजून घेता येतं. सत्यजित राय यांच्या 'चारुलता'मध्ये (१९६४) ती पळवाटच ठेवलेली नाहीये. इथला नवरा भूपती हा इतका सज्जन, इतका निर्मळ माणूस आहे की त्याच्यावर रागावता येत नाही, आणि तरी त्याची बायको त्याच घरात एकटेपणाने झुरतेय. मला हा पिक्चर आवडतो तो सगळ्यात जास्त याच्यासाठी. बहुतेक जण चारू आणि अमलच्या प्रेमाबद्दल बोलतात, ते आहेच, पण माझ्या मते खरी गोष्ट चारू आणि भूपतीची आहे.

कथा रवींद्रनाथ टागोरांच्या 'नष्टनीड'वरून घेतलीय, ती १९०१ची, आणि पिक्चरमधला काळ आहे १८७९-८०चं कलकत्ता. भूपती श्रीमंत घरातला, राजकारणाने झपाटलेला, घरातच छापखाना टाकून 'सेंटिनेल' नावाचं इंग्रजी वर्तमानपत्र चालवतो. चारूला मूलबाळ नाही, कामाला नोकर आहेत, त्यामुळे दिवसभर करायचं काय तर भरतकाम आणि वाचन. तिला सोबत व्हावी म्हणून भूपती तिचा भाऊ उमापद आणि वहिनी मंदा यांना राहायला बोलावतो, उमापदच्या हातात पेपरचा हिशेब देतो. मग एक दिवस वादळासोबत भूपतीचा नात्यातला धाकटा भाऊ अमल येऊन थडकतो, कॉलेज संपवून आलेला, लिहिणारा, गाणारा, बडबड्या.

सुरुवातीचे सात-आठ मिनिटं जवळपास डायलॉगच नाहीत आणि तेवढ्यात आख्खं लग्न समजतं. चारू रुमालावर भूपतीच्या नावाचं इंग्रजी अक्षर भरतेय. ते झाल्यावर कपाटातून कादंबरीकार बंकिमचंद्रांचं पुस्तक काढते, थोडं चाळते, कंटाळते. बाहेर माकडवाल्याचा आवाज येतो तशी दांडी असलेली छोटी दुर्बीण शोधून आणते आणि एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत पळत झडपा उघडून रस्ता बघत बसते, पालखी जाते, छत्री घेतलेला एक जाडा माणूस जातो, ती त्याच्यामागे खिडक्या बदलत राहते. एवढ्यात भूपती आत येतो, डोकं पुस्तकात, चारू अगदी वाटेत उभी आहे आणि तो तिच्या बाजूने जातो आणि तसाच परत जातो, त्याला ती दिसतच नाही. मग चारू तीच दुर्बीण डोळ्याला लावते आणि लांब चाललेल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघते. बास, एवढंच. मी कितीही वेळा बघितलं तरी इथे पोटात कालवतं, कारण तो तिला टाळत नाहीये, दुखवायचं तर त्याच्या मनातही नाही, त्याचं फक्त लक्ष नाहीये. पुढे तो रुमाल बघून खूश होतो आणि तिला विचारतो की तुला एवढा वेळ मिळतो तरी कधी, आणि ती म्हणते की मला काय वेळेची कमी आहे. हे तो ऐकतो, त्याला वाईटही वाटतं, त्यावर उपाय म्हणून तो माणसं आणून ठेवतो, पण स्वतः वेळ देत नाही. आणि सगळ्यात कळस म्हणजे अमलला तोच सांगतो की चारूला लिहायची आवड आहे, तिला जरा प्रोत्साहन दे, पण मी सांगितलंय हे तिला कळू देऊ नकोस. म्हणजे पुढे जे होतं त्याचा रस्ता त्यानेच प्रेमाने करून दिलेला असतो.

बागेतला झोक्याचा सीन खूप गाजलेला आहे आणि तो तसा गाजायलाच हवा होता. सुब्रत मित्रंनी कॅमेरा झोक्याबरोबर हलवलाय, त्यामुळे चारूचा चेहरा स्थिर राहतो आणि मागची झाडं, आकाश वरखाली होत राहतं. अमल गवतात चटई टाकून लिहितोय. चारू दुर्बिणीतून आजूबाजूला बघताना शेजारच्या घरातली मूल घेतलेली एक बाई तिला दिसते, तिथे ती थांबते, आणि मग दुर्बीण वळते ती अमलकडे. तिच्या डोळ्यात काहीतरी बदलतं, तिचं तिलाच कळतं की आपण कुठे येऊन पोचलोय. चारू झालेल्या माधवी मुखर्जींनी इथे काही 'केलं' असं वाटतच नाही आणि तरी सगळं दिसतं. चारूची जिद्द पण काय सुंदर दाखवलीय! अमल तिला दिलेला शब्द मोडून तिच्यासाठी लिहिलेलं छापायला पाठवतो, तेव्हा ती चिडून स्वतः लिहायला बसते, आधी जमत नाही, मग तिला आपलं लहानपणीचं गाव आठवतं आणि नदी, जत्रा, म्हातारी आजी हे सगळं तिच्या डोळ्यांवर तरळत जातं. लेख नावाजलेल्या मासिकात छापून येतो आणि ती तो अंक घेऊन जाऊन अमलच्या डोक्यात हाणते, आणि लगेच त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडते. जिंकल्याचा आनंद त्यात कुठेच नाही, तो लेख जगासाठी लिहिलेलाच नव्हता हे तिथे कळतं. अमल मात्र या क्षणी घाबरलेला दिसतो.

सौमित्र चटर्जींचा अमल हा पोरगेला आहे, त्याला कौतुक हवंय, जबाबदारी नकोय. किशोर कुमारच्या आवाजात 'आमि चिनि गो चिनि' म्हणत तो घरात फिरतो तेव्हा कोणीही त्याच्या प्रेमात पडेल. पण उमापद पैसे खाऊन पळून जातो आणि कोसळलेला भूपती अमललाच येऊन सांगतो की आता विश्वास ठेवायचा तरी कोणावर, तेव्हा अमलचा चेहरा बघा. आपणही याच माणसाच्या घरात तेच करतोय हे त्याला उमगतं आणि रात्रीत तो चिठ्ठी ठेवून निघून जातो. दोन फसवणुकी, एक पैशाची आणि एक मनाची, एकमेकींना अशा भिडवल्यात की कुठेही भाषण द्यावं लागत नाही.

आणि भूपती झालेले शैलेन मुखर्जी! यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं म्हणून मुद्दाम लिहितेय. पेपर बंद पडल्यावर भूपती आणि चारू समुद्रकिनारी बसून ठरवतात की आपण दोघं मिळून नवीन पेपर काढू, राजकारण तो लिहील आणि बंगाली भाग चारू बघेल. लग्नानंतर पहिल्यांदा हे दोघं एकमेकांशी खरं बोलतायत असं वाटतं, आपल्यालाही आशा वाटायला लागते, आणि घरी येताच अमलचं पत्र. चारू एकटी आहे असं समजून हंबरडा फोडते आणि भूपती दारात उभा असतो. तो ओरडत नाही, जाब विचारत नाही. घोडागाडीत बसून नुसता फिरत राहतो, डोळे पुसायला रुमाल काढतो तर तो तिनेच भरलेला रुमाल. शेवट सांगायला हरकत नाही कारण त्यात धक्का असा नाहीये, तो परत येतो, ती हात पुढे करते, तोही करतो आणि हात भेटायच्या आधीच चित्र गोठतं. टागोरांच्या कथेत भूपती पेपरच्या नोकरीसाठी मैसूरला निघतो, चारू मलाही न्या म्हणते आणि त्याच्याच्याने चटकन हो म्हणवत नाही. तिथे दार जवळजवळ बंदच होतं. रायनी ते उघडं ठेवलंय की अर्धवट, यावर माझं दर वेळी वेगळं मत होतं.

खटकलेलं एकच, उमापद आणि मंदा. मंदाचा घाबरटपणा, तिचं अमलभोवती घुटमळणं मस्त आहे पण उमापदचं कारस्थान जरा घाईत उरकलंय, त्याच्या मनात नेमकं काय होतं हे अजून थोडं कळलं असतं तर बरं झालं असतं. बाकी बन्सी चंद्रगुप्तंनी उभं केलेलं घर, ते वॉलपेपर, लांबलचक व्हरांडा, सगळं इतकं खरं वाटतं की हा सेट आहे हे विसरायला होतं. संगीतही रायंचंच आहे. १९६५ला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं सिल्व्हर बेअर हे बक्षीस मिळालं, आणि स्वतः रायना आपल्या कामात सगळ्यात समाधान देणारा पिक्चर हाच वाटायचा.

बघायचा असेल तर खराब प्रिंटवर अजिबात बघू नका, रिस्टोअर केलेली प्रिंट शोधा, कारण अर्धी गोष्ट चेहऱ्यांवर आणि उजेडात आहे आणि धुरकट प्रिंटमध्ये तेच जातं. बंगाली येत नसेल तर सबटायटल लागतीलच, पण पहिले सात-आठ मिनिटं त्यांच्याकडे बघायची गरजच पडणार नाही. तेवढा वेळ मोबाईल लांब ठेवा, कारण तिथे काहीच घडत नाहीये असं वाटून पुढे ढकललंत तर भूपती शेवटी का रडतो ते पोचणार नाही.