ई-एफआरआरओ, गोवा: पोर्टल चांगलं, अर्ज अडतो तो पत्त्यावर

परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं आणि रेसिडेन्शियल परमिटचं, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं, काम २०१८ पासून ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर चालतं. एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं विभागीय कार्यालय. पत्ता इंडियनएफआरआरओ डॉट जीओव्ही डॉट इन. त्याआधी प्रत्येक जण झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन पणजीच्या कार्यालयात जायचा. आता अर्ज, कागद, फी आणि शेवटचं परमिट, सगळं ऑनलाइन असतं. शंका आली तरच कार्यालयात बोलावतात. सरकारी सेवांच्या मानाने हे पोर्टल वरच्या रांगेतलं आहे. पाचात चार गुण. पाचवा गुण का कापला ते पुढे येईलच, पण दोष फक्त पोर्टलचा नाही. गोव्यातल्या घरांचे कागद आणि या पोर्टलच्या अपेक्षा यांचं जमत नाही, खरी अडचण ती आहे.

आधी परमिट कोणाला लागतं ते बघू, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. नोकरी, शिक्षण, संशोधन, उपचार किंवा एंट्री म्हणजे एक्स व्हिसा, आणि त्याची मुदत १८० दिवसांपेक्षा जास्त असेल, तर भारतात पहिल्यांदा उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. पाकिस्तानी नागरिकांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. व्हिसावर ‘एका वेळी १८० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नाही’ असा शेरा असेल तर त्या मुदतीत नोंदणी लागत नाही. मल्टिपल एंट्री व्हिसावर एकदा नोंदणी झाली की त्याच व्हिसावर दर वेळी परत आल्यावर ती नव्याने करावी लागत नाही. ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, कार्ड (भारतीय वंशाच्या किंवा भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलेल्यांना नोंदणीच नाही.

पर्यटक व्हिसावाल्यांसाठी हा रस्ता नाही. हरमल, मोरजी, हणजूण भागात ‘टुरिस्ट व्हिसा इथेच लाँग स्टे करून देतो’ असं सांगणारे भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा. पर्यटक व्हिसा भारतात बसून नोकरीच्या व्हिसात बदलत नाही. भारतीय व्यक्तीशी लग्न किंवा गंभीर आजारपण असे मोजकेच अपवाद आहेत. रिटायरमेंट व्हिसा हा प्रकार भारतात नाही. पैसे गुंतवून कायम राहायची योजना २०१६ पासून आहे, पण तिची सुरुवातच १८ महिन्यांत १० कोटी रुपयांपासून होते, शिवाय भारतीयांना नोकऱ्या देण्याची अट आहे. किनाऱ्यावर खोली घेऊन राहणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

१४ दिवस मोजताना हमखास चूक होते. पाहुणा मुंबईला उतरतो, दोन-तीन दिवस तिथे काढतो आणि देशांतर्गत विमानाने मोपा किंवा दाबोळीला येतो. फॉर्मात मग आगमनाची तारीख गोव्याची लिहिली जाते. पासपोर्टवरचा शिक्का मुंबईचा आणि दिवस मोजले जातात ते त्या शिक्क्यापासून. फॉर्ममध्ये भारतात आल्याची तारीख आणि या पत्त्यावर आल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने आहेत. ते नीट वाचून भरा. शिक्का पुसट उमटला असेल तर ते पान उजेडात, पुरेशा रिझोल्यूशनने पुन्हा स्कॅन करा. मोबाइलवर घाईत काढलेल्या फोटोत तारखेचा आकडा दिसत नाही आणि अर्ज खुलाशासाठी परत येतो.

आता पत्त्याकडे. राहण्याचा पुरावा म्हणून पोर्टल साधारण हे कागद घेतं: घरमालकाने भरलेल्या सी-फॉर्मची (घरात उतरलेल्या परदेशी माणसाची माहिती देणारा फॉर्म) प्रत, किंवा नोटरी केलेला अथवा रजिस्टर केलेला भाडेकरार, सोबत मालकाचं ओळखपत्र, किंवा तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल. कागदावर सोपं आहे. पण बार्देश-पेडण्यातल्या घरांची गंमत अशी, की वीजबिल आजोबांच्या नावावर असतं, आजोबा वारून वीस वर्षं झालेली असतात, घरपट्टी थोरल्या काकांच्या नावाने फाटते आणि भाडेकरारावर सही करतो तो पुतण्या. अधिकाऱ्याला तीन कागदांवर तीन नावं दिसतात आणि ती एकाच घरातली आहेत हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. अशा वेळी नुसतं वीजबिल पुन्हा पुन्हा अपलोड करून उपयोग नाही. भाडेकरारातच मालकाचं आणि वीजग्राहकाचं नातं एका वाक्यात लिहा. बिलावरचा ग्राहक क्रमांक करारात टाका. पंचायतीची चालू वर्षाची घरपट्टीची पावती जोडा आणि बाकीच्या सहहिस्सेदारांची ना हरकत एका साध्या पत्रावर घ्या. सगळं एका पीडीएफमध्ये, याच क्रमाने. इतकं केलं तर पत्त्यावरून होणारे बहुतेक प्रश्न विचारलेच जात नाहीत.

दुसरी कटकट पत्ता लिहिण्याची. वाडो हा शब्द इंग्रजीत कोणी एका डीने लिहितो, कोणी दोन डीने, कोणी शेवटी ओ लावतो तर कोणी वाय. घर क्रमांकात स्लॅश आणि ए-बी येतात. सी-फॉर्मवर एक स्पेलिंग, करारावर दुसरं, अर्जावर तिसरं असं झालं की पडताळणीला आलेला पोलीसही गोंधळतो. वीजबिलावर जे छापलंय तेच अक्षरशः सगळीकडे उतरवा, ते चुकीचं वाटलं तरी. पिनकोड गावाच्या पोस्टाचा टाका. गोव्यातले सगळे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, त्यामुळे पुढच्या तीन आकड्यांत गल्लत झालेली चटकन लक्षात येत नाही. आणि मोपाला काम करणारा माणूस बांद्यात किंवा सावंतवाडीत राहत असेल, तर पत्ता महाराष्ट्राचा आहे. नोंदणी राहत्या पत्त्यावरून ठरते, तेव्हा तो अर्ज गोव्याकडे यायचाच नाही.

सी-फॉर्म हा घरमालकाचा भाग आहे आणि बरेच मालक तो हॉटेलवाल्यांचा समजतात. परदेशी माणूस घरात उतरल्यापासून २४ तासांत ही माहिती त्याच पोर्टलवर भरायची असते. खोली भाड्याने दिली काय, मित्र म्हणून फुकट ठेवला काय, जबाबदारी सुटत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला आणि १९३९, १९४६ चे जुने कायदे गेले, पण २४ तासांचं हे बंधन आहे तिथेच आहे आणि लोकांच्या तोंडी नावही सी-फॉर्मच आहे. मालकाला आधी आपलं खातं उघडावं लागतं, जागेचे आणि ओळखीचे कागद चढवावे लागतात आणि एफआरआरओने मंजुरी दिल्यावरच लॉगिन चालू होतं. पाहुणा दारात उभा राहिल्यावर खातं उघडायला बसलात तर २४ तास हातचे गेलेच म्हणून समजा. सीझनआधी, सप्टेंबरातच हे उरकून घ्या. स्थानिक पोलीस ठाण्यातली भाडेकरू पडताळणी वेगळी आहे. एक केली म्हणून दुसरी टळत नाही.

अर्जदाराचं खातं त्याच्या स्वतःच्या ईमेलवर उघडायचं. हे सांगायची वेळ यावी हेच वाईट आहे, पण एजंट स्वतःचा ईमेल टाकतात, परमिट काढून देतात आणि पुढच्या वर्षी मुदतवाढीच्या वेळी फोन उचलत नाहीत. खात्याचा पासवर्ड त्यांच्याकडे, खुलाशाचे मेलही त्यांच्याकडे. एजंटला फी द्यायची असेल तर जरूर द्या, पण खातं आपलं ठेवा. मोबाइल नंबर चालू आणि हाताशी असलेला द्या.

फॉर्म भरताना पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खालच्या दोन ओळींत, ‘<’ अशा चिन्हांच्या मधे, नाव जसं आहे तसंच लिहा. पोर्तुगीज आणि रशियन पासपोर्टवर हा घोळ जास्त. एकात आडनावं दोन-तीन, दुसऱ्यात वडिलांच्या नावाची परंपरा. फोटो समोरून, फिक्या पार्श्वभूमीवर, कडेला चौकट नको. फाइलची मर्यादा त्या त्या रकान्याजवळ लिहिलेली असते. ती ओलांडली तर काही वेळा फाइल मुकाट्याने नाकारली जाते, म्हणून शेवटी प्रिव्ह्यूमध्ये प्रत्येक कागद उघडून बघा. फी व्हिसाच्या प्रकारावर, सेवेवर आणि देशावर ठरते, ती ऑनलाइन भरायची. उशीर झाला असेल तर दंड वेगळा. मुदतवाढीचा अर्ज व्हिसा संपायच्या आदल्या आठवड्यात करणाऱ्यांची संख्या बघता इतकंच सांगतो: दोन महिने आधी कागद तयार असू द्या.

पाचवा गुण कापला तो पाठपुराव्यासाठी. अर्ज परत आला की कारण एका ओळीत येतं, ‘योग्य राहण्याचा पुरावा जोडा’ इतकंच. नेमकं काय चुकलं हे अर्जदारानेच शोधायचं. शिवाय तो मेल स्पॅममध्ये जाऊन पडला तर दिवस उलटून जातात, म्हणून पोर्टलवर लॉगिन करून स्थिती बघत राहणं भाग आहे. उत्तर देताना फक्त मागितलेला कागद न जोडता वर दोन ओळींचं पत्र लावा: कोणता आक्षेप होता, त्याला कोणता कागद, कितव्या पानावर. पलीकडे बसलेला माणूस दिवसभर हेच बघत असतो. त्याचं काम सोपं केलं की आपलंही होतं.

लग्नावरून एक्स व्हिसा किंवा त्याची वाढ मागणाऱ्यांसाठी गोव्याची एक खास अडचण आहे. इथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि मग दुसरी सही अशी दोन टप्प्यांत नोंद होते. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा. तिची पावती घेऊन एफआरआरओकडे अर्ज केला तर तो परत येणारच. दुसऱ्या सहीनंतर मिळणारा विवाहाचा दाखला लागतो, सोबत दोघांच्या सहीची विनंती आणि भारतीय जोडीदाराचं हमीपत्र. पोलीस घरी येऊन दोघं एकत्र राहतात का ते बघतात, तेव्हा दोघांचे पत्ते एकच हवेत. बायकोचं आधार अजून डिचोलीच्या माहेरच्या पत्त्यावर आणि संसार म्हापशाला, हे आधी सुधारून घ्या. लग्नाच्या नात्याने ओसीआय हवं असेल तर लग्नाची नोंद होऊन सलग दोन वर्षं झालेली असावी लागतात.

नोकरीच्या व्हिसावर थोडक्यात. पगाराची किमान मर्यादा वर्षाला १६.२५ लाख रुपये आहे. परदेशी खास पदार्थ करणारे आचारी आणि इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक, दुभाषे यांना त्यातून सूट आहे. हॉटेलांच्या पट्ट्यात या सवलतीचा आधार पुष्कळ घेतला जातो. पण कागदावर इटालियन आचारी आणि प्रत्यक्षात रिसेप्शन सांभाळणारा, हे पडताळणीत उघडं पडतं. नोकरी बदलली की त्याच व्हिसावर दुसऱ्या मालकाकडे जाता येत नाही, ग्रुपमधल्या कंपन्यांचा अपवाद सोडला तर. योग शिकायला पर्यटक म्हणून येता येतं, पैसे घेऊन योग शिकवायला नाही.

गोव्यात आणखी एक मोठा वर्ग आहे: लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले आपलेच लोक. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेले आणि त्यांची पुढची पिढी. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व राहत नाही, आणि वडिलोपार्जित घरात राहायलाही परदेशी म्हणूनच यावं लागतं. त्यांनी दर वर्षी परमिटच्या मागे धावण्यापेक्षा ओसीआय काढावं. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आलेल्या प्रदेशातले लोक त्याला पात्र आहेत, म्हणजे गोवा आलाच. भारतात फी १५,००० रुपये. त्यासाठी जुना भारतीय पासपोर्ट परत केल्याचा सरेंडर दाखला लागतो. ज्यांचा पासपोर्ट सरकारने रद्द केला त्यांचा रद्दीकरणाचा आदेशही चालेल, असं केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये मान्य केलं आणि बऱ्याच जणांची कोंडी फुटली. पर्यटक व्हिसावर असताना मात्र भारतातून ओसीआयचा अर्ज करता येत नाही, आणि भारतातून अर्ज करायचा तर सहा महिने इथे वास्तव्य हवं. सुट्टीला येऊन पंधरा दिवसांत ओसीआय घेऊन परत जाऊ, असा बेत आखू नका.

परमिट मेलवर पीडीएफ म्हणून येतं. दोन रंगीत प्रती काढा, एक पासपोर्टसोबत आणि एक घरात. नाव, पासपोर्ट क्रमांक, पत्ता आणि मुदतीची तारीख त्याच दिवशी तपासा. चूक निघाली तर दुरुस्ती लगेच मागणं सोपं जातं, विमानतळावर नाही. घर बदललं तर पत्ता पोर्टलवर बदला आणि नव्या मालकाकडून नवा सी-फॉर्म घ्या. पासपोर्ट नवा झाला तर व्हिसा त्यावर उतरवून घेण्याची सेवा याच पोर्टलवर आहे. पासपोर्ट हरवला तर क्रम असा: पोलीस तक्रार, दूतावासाचा नवा कागद, मग एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडण्याचा परवाना. ते हातात आल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नका.