लिंकन की बोल्डर: पडलेला संघ धरायचा तर कुठला?

माझा मेहुणा गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या नॉर्थ प्लॅटला डॉक्टर म्हणून रुजू झाला. गाव असं की पूर्वेला लिंकन गाडीने साडेतीन तासांवर आणि पश्चिमेला बोल्डर चार तासांवर. कॉलेज फुटबॉलचा एक अख्खा हंगाम काठावर बसून पाहिल्यावर परवा त्याचा फोन आला. "दाजी, सोमवारी सकाळी पेशंटसुद्धा आधी कोचला शिव्या देतात, मग दुखणं सांगतात. मलाही कुठल्या तरी बाजूने बोलावं लागणार. कुठला संघ धरू?"

हे त्याच्यासाठी लिहितोय, आणि कामानिमित्त या भागात येऊन पडलेल्या आपल्या इतर मंडळींसाठी. टचडाउन, ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंनी विद्यापीठ बदलायची सोय), खेळाडूंना आता मिळणारे पैसे हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मी ओमाहात राहतो आणि माझं मत बनलेलं आहे, हेही लपवत नाही. पण बोल्डरजवळ माझे जिवाभावाचे मित्र आहेत, तेव्हा जपून बोलतो.

लिंकनचा नेब्रास्का आणि बोल्डरचा कोलोरॅडो, हे दोन विद्यापीठांचे संघ एकाच वेळी खड्ड्यात होते. २०२२च्या हंगामात नेब्रास्काने बारापैकी चार सामने जिंकले, कोलोरॅडोने एकच. नोव्हेंबर-डिसेंबरात दोघांनीही नवा कोच आणला: लिंकनला मॅट रूल, बोल्डरला डिऑन सँडर्स. तीन हंगाम झाले. रूलचे १९ विजय, १९ पराभव. सँडर्सचे १६ विजय, २१ पराभव. यावरून कुणाला निवड करता येत असेल तर त्याने खुशाल करावी. मला जमली नाही.

जिंकणारा संघ धरायला कुणाचा सल्ला लागत नाही. पडलेला संघ धरला की चाहत्याचा निम्मा वेळ कोचला बोलण्यात जातो, आणि उरलेला निम्मा इतरांनी कोचला काय म्हटलं हे ऐकण्यात. त्यामुळे मैदान कुठलं चांगलं, पोशाख कुणाचा भारी, हे सोडा. कुठल्या घरातलं भांडण तुम्हाला मानवेल, एवढंच बघा.

बोल्डरची बाजू आधी मांडतो, कारण ती दिसायला देखणी आहे. फॉल्सम फील्डच्या मागे उभे ठाकलेले फ्लॅटआयर्नचे सुळके आणि सामन्याआधी मैदानावरून दौडत जाणारी राल्फी नावाची खरीखुरी बायसन मादी. पहिल्यांदा पाहाल तेव्हा फुटबॉल नसता तरी चाललं असतं असं वाटेल. आणि सँडर्सने तिथे जे केलं ते लिंकनला अजून जमलेलं नाही. पहिल्याच वर्षी त्याने जवळपास सगळा संघ बदलला. जुने खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) त्यांच्या घरी ४५-४२ हरवलं, पुढच्याच शनिवारी आमच्या नेब्रास्काला ३६-१४ असं धुतलं. तो हंगाम पुढे घसरून चार विजयांवर संपला खरा, पण २०२४मध्ये नऊ विजय आणि ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान. एका विजयावरून दोन वर्षांत नऊवर. त्या पानगळीत माझ्या मुलीने हंटरचं चित्र भिंतीवर लावलं होतं. बाप नेब्रास्काच्या लाल टोपीत आणि पोरगी कोलोरॅडोच्या काळ्या-सोनेरी कागदासमोर, असं आमचं घर होतं.

मग २०२५ला हंटर आणि सँडर्सचा मुलगा, क्वार्टरबॅक शेड्यूर, दोघेही एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेले. संघ पुन्हा तीन विजयांवर आला. युटाकडून ५३-७, आणि पुढच्याच आठवड्यात घरच्या मैदानावर ॲरिझोनाकडून ५२-१७. पोर्टलवर बांधलेलं घर असं भाड्याच्या सामानासारखं असतं, हे मला तेव्हा पटलं. पण माझी निवड यावरून झालेली नाही. चढ-उतार मला चालतात. दहावीला गणितात माझेही असेच होते.

माझी अडचण वेगळीच होती, आणि ती जुनी आहे.

१३ ऑक्टोबर २०२३. शुक्रवारची रात्र, मी ऑरोराला वर्गमित्राकडे उतरलो होतो. पिठलं-भात झाला होता, टीव्हीवर कोलोरॅडो विरुद्ध स्टॅनफर्ड. मध्यंतराला २९-०. कोलोरॅडो पुढे. कुणीतरी गाडी काढून बोल्डरला जाऊन जल्लोष बघू या म्हणालं. आणि मग दुसऱ्या अर्धात स्टॅनफर्डने एकेक करून सगळं परत घेतलं आणि दुसऱ्या जादा डावात ४६-४३ने सामना नेला. मी एवढंच म्हटलं, "अरे, २९ची आघाडी असताना चेंडू हातात घेऊन पळायचं, घड्याळ संपवायचं. यांना पळताच येत नाही, हे कोचने बघायला नको का?" बोलणं चुकीचं नव्हतं. पळण्याच्या खेळात कोलोरॅडो त्या वर्षी देशात तळाला होता, पुढच्या वर्षीही तळालाच. शेड्यूरला त्या हंगामात ५२ वेळा पाडलं गेलं. म्हणजे पुढची फळी कच्ची होती, त्यावर बोलायला भरपूर वाव होता.

पण झालं काय? मित्राचा भाऊ उसळला. "तुम्हा लोकांना एक काळा माणूस यशस्वी झालेला बघवत नाही." मी सटपटलो. सावरायच्या आत सोफ्याच्या दुसऱ्या टोकाचा एकजण खूश होऊन माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, "बरोबर बोललास! नुसता गॉगल आणि कॅमेरे. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय." मला या दोघांपैकी कुणाच्याच बाजूने बोलायचं नव्हतं. तिसऱ्या डाउनबद्दल बोलायचं होतं. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतर दोन वर्षांत हेच इतक्या वेळा घडलं की मी मोजणं सोडलं. तिथे चाल चुकली असं म्हणता येत नाही. म्हटलं की तुम्ही सँडर्सच्या बाजूचे की विरुद्ध, हे आधी ठरतं. क्वार्टरबॅक कोचचा मुलगा, त्यामुळे त्याच्या पासवर बोललं की घराण्यावर बोलल्यासारखं. एप्रिल २०२५मध्ये शेड्यूरचा २ नंबर कायमचा निवृत्त केला तेव्हा "दोन वर्षांत १३ विजय, १२ पराभव, एवढ्यावर?" असं विचारणंही शत्रुत्वात धरलं गेलं. खुद्द विद्यापीठाने २०२४मध्ये एका स्तंभलेखकाला संघाला प्रश्न विचारायची मनाई केली होती, मग सोफ्यावरच्यांचं काय घ्या. २०२५च्या जुलैत सँडर्सने मूत्राशयाच्या कर्करोगाबद्दल सांगितलं, आणि तरी तो ऑगस्टला मैदानावर उभा होता. त्या धैर्यापुढे कुणीही मान झुकवावी. पण ५२-१७च्या रात्री बचाव फळीबद्दल एक वाक्य बोललो, तर लगेच "माणूस कशातून उठलाय माहिती आहे ना?" माहिती आहे, बाबांनो. मी बचाव फळीबद्दल बोलत होतो.

कदाचित हे माझ्याच मित्रमंडळींचं असेल. बोल्डरला शांतपणे फुटबॉल बोलणारी हजारो माणसं असतील, मला ती भेटली नाहीत इतकंच.

आता लिंकन. इथे तुम्हाला शिव्या अधिक ऐकू येतील, हे आधीच सांगतो. मेमोरियल स्टेडियम १९६२पासून प्रत्येक सामन्याला भरतंय आणि त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांना सत्तर, एकाहत्तर, चौऱ्याण्णव, पंचाण्णव आणि सत्त्याण्णव ही पाच विजेतेपदं तोंडपाठ आहेत. टॉम ऑस्बोर्न २५ हंगाम कोच होता आणि २५५ सामने जिंकला, हे ऐकायची तयारी ठेवा. दर शनिवारी. मुंबई रणजी संघाला एक्केचाळिसाव्या विजेतेपदावरून बेचाळिसाव्यावर यायला आठ वर्षं लागली. त्या काळात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जे बसले असतील त्यांना लिंकन अजिबात परकं वाटणार नाही. कंटाळा येतो, नाही असं नाही.

पण या शिव्यांत एक पश्चात्ताप मुरलेला आहे, आणि तो मला आवडतो. २००३मध्ये नऊ विजय मिळवणाऱ्या फ्रँक सोलिचला यांनी घालवलं. २०१४मध्ये दरवर्षी किमान नऊ सामने जिंकणाऱ्या बो पेलिनीला घालवलं. त्याने एका ध्वनिफितीत चाहत्यांनाच शिव्या घातल्या होत्या, त्यामुळे तिथे दोन्हीकडून हिशेब होता. मग माइक रायली, तीन वर्षांत १९-१९, त्यालाही घालवलं. मग घरचाच पोरगा, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट आणला, तर १६ विजय आणि ३१ पराभव. त्यातले कित्येक असे निसटते की रडावं की हसावं कळेना. २०२१मध्ये नऊ पराभव आणि एकही दहा गुणांनी नाही. २०२२ला डब्लिनमध्ये ११ गुणांनी पुढे असताना त्याने ऑनसाइड किक (चेंडू पुन्हा आपल्याकडेच मिळवायची जोखमीची किक) मारायला लावली आणि सामना घालवला. दोनच आठवड्यांनी, जॉर्जिया सदर्नकडून घरी हरल्यावर, त्याला काढलं. तीन आठवडे थांबले असते तर करारातली भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्मी झाली असती. थांबले नाहीत.

इतकं हात पोळून घेतल्यावर लिंकनचा माणूस आता शिवी देण्याआधी फुंकर मारतो. शिवी देतोच, पण कामाला देतो.

२४ नोव्हेंबर २०२३ला मी स्टेडियममध्ये होतो. आयोवाशी सामना, हाडं गोठवणारी थंडी. त्याआधीचे तीन सामने आम्ही ओळीने निसटते गमावले होते आणि बाउलला (हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला) जायला एकच विजय हवा होता. १०-१० बरोबरी, घड्याळात जेमतेम अर्धं मिनिट, चेंडू आमच्याकडे. पास टाकला, तो आयोवाने पकडला, आणि शेवटच्या क्षणी फील्ड गोल. १३-१०. माझ्या शेजारी दर सामन्याला बसणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, सत्तरी ओलांडलेले. सगळे उठून निघाले तरी ते बसून राहिले. मला म्हणाले, "गुडघा टेकून जादा वेळेत जायला काय झालं होतं?" मग जरा वेळाने, "पण मुलांच्या मनात जिंकायचं होतं, तेही खरं." आणि मग पायऱ्या उतरता उतरता पार्किंगपर्यंत आम्ही त्या एका पासवर बोललो. रूलच्या पगारावर नाही, त्याच्या घरच्यांवर नाही. एका पासवर, चाळीस मिनिटं. पुढच्या वर्षी आयोवा सिटीत पुन्हा १३-१०, पुन्हा शेवटच्या क्षणी फील्ड गोल. त्या रात्री त्यांचा निरोप आला, फक्त स्कोअर आणि पुढे एक प्रश्नचिन्ह.

लिंकनची खोट अशी की पोळलेल्या तोंडाने आता जरा जास्तच फुंकतात. ऑक्टोबर २०२५मध्ये पेन स्टेट विद्यापीठात कोचची जागा रिकामी झाली. रूल तिथलाच जुना खेळाडू. तो जाईल या धास्तीने त्याचा करार २०३२पर्यंत वाढवला. त्याच्या आधीच मिनेसोटाने आमच्या क्वार्टरबॅकला नऊ वेळा आडवं केलं होतं. करारानंतरच्या पाच सामन्यांत एकच विजय. आयोवाने या खेपेला निसटतं काही ठेवलंच नाही, ४०-१६. ज्या १९-१९वर रायली गेला, तीन हंगामांनंतर त्याच १९-१९वर रूल मात्र लांबचा करार घेऊन बसला, हे मलाही पचायला जड जातं. आधीच्या टेम्पल आणि बेलर या दोन्ही विद्यापीठांत त्याने तिसऱ्या वर्षी किमान दहा विजयांपर्यंत मजल मारली होती, त्या आशेवर आम्ही तीन वर्षं काढली आणि तिसरं वर्ष सातवरच संपलं. शिवाय ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो डिलन रायोला हंगाम संपल्यावर दुसरीकडे गेला. म्हणजे भाड्याचं सामान आमच्याकडेही आहेच. मघाची माझी कोटी जरा मागे घेतो.

मेहुण्यासाठी थोडं कामाचं. तुला झगमगाट हवा असेल, मुलांना हिरो दाखवायचे असतील, तर बोल्डरला जा, चार तास सार्थकी लागतील. लिंकनला स्टेडियममध्ये रन्झा मिळतो, पावात बीफ आणि कोबी. चालत नसेल तर घरून पोळी-भाजी खाऊन नीघ. पाहुण्या संघाला मैदान सोडताना इथे टाळ्या वाजवतात, तेव्हा गोंधळू नकोस, तूही वाजव. आणि शेजारच्याला कोचबद्दल काय वाटतं हे विचारायला बिचकू नकोस. उत्तर लांब असेल, पण ते तुझ्याबद्दल नसेल.

दोन्हींपैकी काहीही धर, माझं काही म्हणणं नाही. टपालाने एक लाल टोपी पाठवली आहे. आत पावती ठेवली आहे, बदलून घ्यायची असली तर.