घुबडांसाठी मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

मिररलेस बॉडी (आरसा नसलेला कॅमेरा), १५०-६०० मिमी झूम लेन्स, मॅन्युअल मोड (शटर आणि अ‍ॅपर्चर हाताने), ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो) आणि लेन्सच्या रिंगवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजळपणा कमी-जास्त करणं). घुबडांसाठी गेले कित्येक महिने माझं हेच सेटिंग आहे. बसलेल्या घुबडासाठी याहून सोयीचं काही मला मिळालेलं नाही. उडणाऱ्यासाठी मात्र ते पुरत नाही.

या झूमचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, ६०० मिमीला एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही, आणि घुबडं हालचाल सुरू करतात ती नेमकी उजेड सरताना. अशा वेळी शटरचा वेग आपल्या हातात असणं फार मोलाचं. बसलेलं घुबड बराच वेळ स्तब्ध असतं, त्यामुळे ट्रायपॉडवर १/५०० सेकंदावरून थेट १/६० वर येता येतं. आयएसओ ६४०० चा ८०० होतो, फोटोतले दाणे कमी होतात आणि पिसांवरची बारीक नक्षी टिकते. मान वळली की तो फोटो हलतो, म्हणून तीन-चार फोटोंचा बर्स्ट (सलग फोटो) घ्यावा. घुबड अंग चोरून उभट झालं, डोळे फटीसारखे करून आपल्याकडे बघू लागलं, तर आपली चाहूल त्याला नको आहे. सरळ मागे फिरावं. फ्लॅश तर मी लावतच नाही.

खरा फरक पडला तो रिंगमुळे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. फांदीमागे पांढुरकं आकाश असेल तर घुबड काळं पडतं, तिथे +१.३ ते +२ लागतं. तेच गव्हाणी घुबड काळोख्या ढोलीच्या तोंडाशी बसलं तर −१ ते −१.७, नाहीतर त्याचा बदामाच्या आकाराचा चेहरा नुसता पांढरा डाग होतो आणि कडेची बारीक पिसं रॉमधूनही (कॅमेऱ्याच्या मूळ फाइलमधूनही) परत येत नाहीत. उजेड तोच, पक्षी तोच. आपण चार पावलं बाजूला सरकलो की मागचं दृश्य बदलतं आणि आकडा उलटतो. शृंगी घुबडाच्या नारिंगी डोळ्यांवर ऊन पडलं असेल तर साधा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल आधीच उडालेला, म्हणजे तपशील गमावलेला असतो. त्यासाठी लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्रामच बघावा.

एक अडचण माहीत असलेली बरी. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा मी १२८०० ठेवली आहे. आयएसओ तिथे टेकला की रिंग फिरवून काही होत नाही. आकडा +१ दाखवतो आणि फोटो काळाच येतो. मग शटरचा वेग कमी करण्यावाचून इलाज नाही. काही जुन्या बॉडीजमध्ये मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ असताना कॉम्पेन्सेशन चालतच नाही, हे आधी तपासून घ्या.

गवतावरून उडणारं गव्हाणी घुबड क्षणात झाडांसमोर असतं, क्षणात आकाशासमोर. ऑटो आयएसओ त्याच्याबरोबर वरखाली होतो आणि एकाच बर्स्टमध्ये पंख कधी करडे, कधी जळालेले मिळतात. इथे आयएसओही हाताने लावतो: शटर १/१६००, गवत बघून उजेडाचा अंदाज, आणि पंख झेब्राच्या रेषांच्या (अति उजळ भागावर स्क्रीनवर येणाऱ्या पट्ट्यांच्या) जरा खाली राहतील इतकंच एक्स्पोजर. तिन्हीसांजेला उजेड भराभर उतरतो, म्हणून दर काही मिनिटांनी पुन्हा बघावं लागतं. आता कॅमेऱ्यात आपलं सेटिंग साठवायच्या जागांपैकी सी१ वर बसलेल्याचं आणि सी२ वर उडणाऱ्याचं सेटिंग आहे, आणि घुबड पंख सैल करून पुढे झुकलं की मी सी२ वर जातो.