सुरा हिसकावण्याचं प्रमाणपत्र आणि लाल मार्कर

सिनेमातली मारामारी बघून स्वसंरक्षणाचा क्लास लावायच्या विचारात असाल, तर फी भरण्याआधी हे वाचा. मी आणि माझी धाकटी बहीण पावणेदोन वर्षं अशा एका क्लासला जात होतो. तिथे शिकवलं जात होतं ते खरं संरक्षण नव्हतं. शिकवणाऱ्यांनाही ते माहीत होतं, असं मी आज पूर्ण विचारांती म्हणतो.

पहिल्या दिवशी डेमो होता. एका जुन्या विद्यार्थ्याने भिंतीवर पाय देऊन उलटी कोलांटी मारली. दुसऱ्याने हवेत गिरकी घेत डोक्याच्या उंचीवर धरलेली फळी लाथेने फोडली. मग सर स्वतः उतरले. रबरी सुरा घेऊन धावून आलेल्या मुलाचं मनगट त्यांनी धरलं, पिळलं, आणि तो मुलगा हवेत फिरून मॅटवर आपटला. सुरा सरांच्या हातात. "हे रस्त्यावर सिद्ध झालेलं तंत्र आहे. सहा महिन्यांत तुम्हीही कराल," सर म्हणाले. आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी फॉर्म भरला.

सहा महिन्यांत आम्ही ते खरंच करू लागलो, आणि इथेच मेख होती. वार नेहमी उजव्या हाताने यायचा, एकच यायचा, आणि वार झाला की तो हात तसाच पुढे थांबायचा. कोणी हात मागे ओढला तर सर ओरडायचे, "फ्लो मोडू नकोस!" वेळेवर न पडणाऱ्याला, जोडीदाराला साथ देत नाही म्हणून बोलणी बसायची. थोडक्यात, आम्ही सगळे छान पडायला शिकत होतो आणि समोरचा पडला की आपल्याला लढता येतं असं समजत होतो.

फळ्यांचंही तेच. एका परीक्षेआधी त्या रचायला मी मदत केली. हातात घेतल्यावर त्या पुठ्ठ्यासारख्या हलक्या लागल्या. रात्रभर ओव्हनमध्ये वाळवतात, असं तिथल्याच एका मुलाने सहज सांगितलं. शिवाय लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने फळी चिरते, त्यामुळे ती कशी धरायची हेही आधीच ठरलेलं. त्या दिवशी मला शंका यायला हवी होती. पण दर तीन महिन्यांनी नवा बेल्ट कमरेला बांधला जात होता. प्रत्येक परीक्षेची फी वेगळी, नापास कोणीच नाही. त्यावर शस्त्रांच्या खास कोर्सची फी वेगळी. प्रमाणपत्रावर एका आंतरराष्ट्रीय महासंघाचं नाव होतं. पुढे मी नीट पाहिलं तेव्हा कळलं, त्या महासंघाचा पत्ता म्हणजे आमच्या क्लासचाच पत्ता.

डोळे उघडले ते बहिणीमुळे. एक दिवस तिने विचारलं, "दादा, समोरच्याला पडायचंच नसेल तर?" मी एक पांढरा शर्ट घातला आणि तिच्या हातात लाल मार्कर दिला. म्हटलं, "हा सुरा समज आणि मनाला येईल तसे वार कर. मी हिसकावून घेतो." अर्ध्या मिनिटाने आम्ही थांबलो. शर्टवर सतरा खुणा होत्या, मानेवर दोन, आणि दोन्ही हातांच्या आतल्या बाजूंना लाल रेघोट्या. तिचा हात पुढे येऊन थांबतच नव्हता. शिलाई मशीनच्या सुईसारखा आत-बाहेर चालला होता. एकदाच मनगट माझ्या हाती लागलं, तर तिने मार्कर दुसऱ्या हातात घेतला. मी तिच्यापेक्षा उंच आणि वजनदार आहे. सुरा हिसकावण्याचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात होतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गेल्या महिन्यात मी त्या अंधाऱ्या रस्त्याने एकटी आले. आपल्याला हे येतंय, म्हणूनच आले."

पैसे गेले त्याची चीड आहेच. पण हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं की पूर्ण ताकदीने, समोरचा विरोध करत असताना सराव का होत नाही. उत्तर आलं, "आपली तंत्रं इतकी घातक आहेत की तसा सराव केला तर माणूस मरेल." हे उत्तर तुम्हाला कुठेही मिळालं तर तिथून निघा. जपानच्या जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केला तेव्हा नेमका उलटा विचार केला होता. फार धोकादायक डाव त्यांनी मुक्त सरावातून बाजूला काढले, म्हणजे उरलेले डाव विरोध करणाऱ्या माणसावर पूर्ण जोर लावून रोज करता येतील. त्या सरावाला रांदोरी म्हणतात. बॉक्सिंगमधलं स्पारिंग, कुस्तीतली झोंबी, सगळं त्याच जातीचं. डाव थोडे असतात, पण ते न पडणाऱ्या माणसावर घासून घेतलेले असतात.

नोव्हेंबर 1993 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला यूएफसी या लढतींच्या स्पर्धेचा पहिला सामना-मेळा झाला. वेगवेगळ्या शैलींचे लोक फारच थोड्या नियमांनी लढले. जिंकला रॉइस ग्रेसी, बहुतेकांपेक्षा अंगाने लहान. त्याने एकही उडती गिरकी घेतली नाही. जवळ जायचं, कवळ घालायची, खाली पाडायचं आणि गळा किंवा सांधा आवळायचा, एवढंच. 2017 मध्ये चीनमध्ये शू श्याओतुंग या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी मिश्र लढत) प्रशिक्षकाने ताय-चीचा गुरू म्हणवणाऱ्या एकाला काही सेकंदांत खाली घेतलं. त्या लढतीच्या व्हिडिओतला गुरूचा चेहरा बघवत नाही, कारण बहिणीच्या हातात मार्कर असताना माझाही तसाच झाला असणार.

सिनेमावाल्यांवर मात्र माझा राग नाही. जॅकी चॅन, सॅमो हंग ही मंडळी लहानपणी हाँगकाँगच्या पेकिंग ऑपेराच्या (चिनी संगीत-नाटकाच्या) शाळेत वर्षानुवर्षं कोलांट्या शिकली. ती रंगमंचाची विद्या आहे आणि त्या विद्येत ते अस्सल आहेत. पडद्यावर अंगाला बांधलेल्या तारा असतात, खाली गाद्या असतात, कॅमेऱ्याचा कोन असतो, फटक्याचा आवाज नंतर भरलेला असतो. समोरचा स्टंटमॅन योग्य क्षणी स्वतःला फेकतो, आणि ते करताना खरोखर जखमी होतो. ते हे सगळं सिनेमा म्हणूनच दाखवतात. आमच्या सरांनी तेच संरक्षण म्हणून विकलं.

गिरकीची लाथ कधीच लागत नाही, असंही नाही. जानेवारी 2012 मध्ये यूएफसीच्या एका लढतीत एडसन बार्बोझाने गिरकी लाथेने टेरी एटिमला जागीच बेशुद्ध केलं. पण बार्बोझा आधी पायांच्या हालचालीचा आणि अंतराचा पक्का लढवय्या आहे. ती लाथ त्या तयारीवर उभी आहे. ऑलिंपिकच्या तायक्वांदोत गिरकीच्या लाथेला जास्त गुण मिळतात आणि डोक्यावर ठोसा मारायला बंदी आहे, म्हणून तिथे पाय तसे चालतात. रस्त्यावर बूट असतो, ओली फरशी असते, अंगात घट्ट कपडे असतात. हवेत गेलेल्या माणसाला दिशा बदलता येत नाही, आणि गिरकीत क्षणभर पाठ समोरच्याकडे असते.

पैसे परत मागितले, तर फॉर्मच्या मागच्या बाजूचं बारीक अक्षरातलं कलम दाखवलं: भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. खाली आमच्या दोघांच्या सह्या. मी लेखी तक्रार दिली आहे, उत्तर आलेलं नाही.

तुम्ही अशाच क्लासला जात असाल तर पुढचा हप्ता भरण्याआधी जुना पांढरा शर्ट आणि मार्कर घेऊन जा आणि खुद्द सरांना सांगा, मी थांबणार नाही, हिसकावून दाखवा. नवा क्लास बघायला गेलात तर डेमोच्या दिवशी जाऊ नका, साध्या वारी जा. कोणी दमून, घामाघूम होऊन हरताना दिसतं का ते बघा. सुऱ्यापुढे पळून जा असं शिकवतात का, तेही विचारा. बहीण आता ज्युदोला जाते. पहिले काही आठवडे फक्त पडणं होतं. परवा तिला सरावात कोणी अकरा वेळा खाली घेतलं, आणि बाराव्या वेळी ती उभी राहिली, हे तिने मला दारातूनच सांगितलं.