इलेक्ट्रिक कंट्रोल लाइन ट्रेनर: दिवाळीत घेतला, पावसाळ्यापर्यंत वापरला

कंट्रोल लाइन म्हणजे दोन तारांना बांधलेलं छोटं विमान, हातातल्या हँडलने आपल्याभोवती गोल फिरवायचं; ट्रेनर म्हणजे त्यातलं शिकाऊ मॉडेल. मोटर, बॅटरी, पंख वगैरे सगळ्यांना माहितीये, ते परत लिहीत नाही. लिहायला बसलो ते तारांमुळे. मागच्या रविवारी अपची, म्हणजे विमान वर नेणारी, तार हँडलपासून वीतभर अंतरावर तुटली. नशीब, पुल टेस्टला, म्हणजे उडवण्याआधी तारा ओढून बघतात तेव्हा तुटली, हवेत नाही. सेलरला फोन केला तर म्हणे, ‘काका, वायर कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत बसत नाही.’ अरे, मग मी काय वायर खाल्ली का?

दोष तारेचा नाहीच, सोबत दिलेल्या रिळाचा आहे. पतंगाच्या फिरकीएवढं रीळ, त्यावर 60 फुटी स्टीलची पीळदार तार गुंडाळायची, म्हणजे सोडली की स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन बसते आणि जरा ओढलं की कुठेतरी मोड पडतो. बोट फिरवलं तर त्या मोडावर बारीक कुसळ टोचतं, म्हणजे एक पदर गेला, बाकीचे रांगेत आहेत. आता मी रंगाच्या मोठ्या रिकाम्या डब्यावर गुंडाळतो, फुकटात काम झालं. पुल टेस्टसाठी रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा तासभर मागून आणतो. विमानाच्या वजनाच्या दहापट ओढ तारांनी सोसली पाहिजे, आपलं सव्वा किलोचं, म्हणजे काटा साडेबारावर जाईपर्यंत ओढायचं. रद्दीवाल्याला वाटतं हे साहेब रिटायर झाल्यावर बिघडले.

बाकी कॉलेजात एनसीसी एअर विंगला असताना उडवायचो ते डिझेल इंजिन, इथर-रॉकेल-एरंडेल, शर्टाचा वास दोन धुण्यांत जायचा नाही. त्यामुळे सुरुवातीला मी हे इलेक्ट्रिक म्हणजे मिक्सर आहे असं सगळ्यांना सांगत सुटलो होतो. ते आता मागे घेतो. पहाटे सोसायटीमागच्या मैदानावर कुणाची झोपमोड नाही, वॉचमन ओरडत नाही, आणि टायमरवर पाच-साडेपाच मिनिटांनी मोटर आपोआप बंद होते, कोरड्या टाकीची वाट बघायला नको.

चक्कर येईल असं घरच्यांना वाटत होतं. नजर विमानावरच ठेवली, मागच्या बिल्डिंगकडे बघितलंच नाही, तर येत नाही. मनगट मात्र जुन्या सवयीने वळवळतं, आणि ताशी 80 च्या पुढे फिरणारं विमान लगेच उड्या मारतं. हात सरळ, हालचाल खांद्यातून, हे डोक्याला कळतं, खांद्याला अजून नाही. वाऱ्याच्या बाजूला तार ढिली पडली की पटकन मागे सरकायचं, तिथे गुडघे जरा कुरकुरतात. विजेच्या तारांजवळ उडवू नका, तार स्टीलची आहे आणि दुसरं टोक तुमच्या हातात, एवढं तरी लक्षात ठेवा.

बोहरी आळीत स्टीलची तार मिळते, निम्म्यात काम होईल, पण जीव आणि विमान दोन्ही टांगणीला लागणार असेल तर तिथे काटकसर नको, म्हणून बाहेरूनच मागवतोय. विमान दहापैकी आठ, रीळ शून्य. सेलरचा परवा मेसेज आला, ‘फाइव्ह स्टार रेटिंग द्या, कॅशबॅक मिळेल.’ म्हटलं, आधी तारा पाठव.