सोलापूरच्या होटगी रोडची खानावळ: भाकरी तीच, मामा ते नाहीत

नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. आधी जेवणाचं. कडक भाकरी अजून तशीच, मालदांडी ज्वारीची, पापडासारखी कट्कन मोडते, शेंगा चटणी उखळात कुटलेली त्यामुळं तेल सुटून बोटांना लागतं, मिक्सरचा भुगा नाही. शेंगा भाजी एक नंबर, पण दही घ्याच. चवीला 5 पैकी 5.

वागणुकीला 2, तेही जुन्या ओळखीखातर. मी कॉलेजपासून इथं जेवतोय, तेव्हा पत्र्याचं शेड आणि चार बाकडी होती, मालक मामा स्वतः वाढायचे, "का बे, अजून चतकोर घे की" म्हणायचे, महिनाअखेरीला पैसे नसले तर वहीत लिहायचे. मग सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत पुण्याच्या एका पोरानं रील टाकलं, ते तुफान चाललं, आता बाहेर गाड्यांची लाईन, आत एसी आणि भिंतीवर मामांचेच आठ फोटो. परवा नमस्कार केला तर मोबाईलमधून मान वर न करता "टोकन घ्या" म्हणले. टोकन! मला! जादा चटणीचे 20 रुपये वेगळे. आणि पूर्वी "चव आमच्या हिच्या हातची" म्हणणारे मामा कॅमेऱ्यापुढं "हा ब्रँड मी उभा केला" सांगत होते, मामी आत चुलीपुढं घामाघूम.

अमेरिकेत बर्कलीला पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञानं लोकांना मोनोपॉली, म्हणजे आपला व्यापार, खेळायला बसवलं होतं. नाणं उडवून एकाला दुप्पट पैसे आणि दोन फासे, दुसऱ्याला एकच फासा. थोड्या वेळात पैसेवाला सोंगटी आपटायला लागायचा, आवाज चढायचा, शेजारची खारी बिस्किटंही जास्त तोच खायचा, आणि का जिंकलास विचारलं की आपले डावपेच सांगायचा, नाण्याचं नाव नाही. मामांचं नाणं म्हणजे ते रील.

तसं त्यांचंही बघा, रोज इतकी अनोळखी माणसं खांद्यावर हात टाकून सेल्फी मागणार, उधारी मागायला नवे पाव्हणे उगवणार, मग माणूस सगळ्यांनाच गिऱ्हाईक समजायला लागतो, त्यात आम्ही जुनेही आलो.

जायचं तर रविवार सोडून, एकच्या आत, नंतर शेंगा भाजी संपते. निघताना मागच्या दारात मामी दिसल्या, कागदात चटणी बांधून दिली आणि हळूच म्हणल्या, "ह्यांना सांगू नको."