आयशरमधलं जीपीएस, वर्षभरानंतर: डिझेलचं सोडा, हॉल्टिंगचं बघा

परवा सकाळी ॲप उघडलं तर नकाशावरून गाडीच गायब. गाडी कोल्हापूरच्या फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) घेऊन निघालेली आणि इकडे वाळूजला दोन सीएनसी मशिनी त्याच मालासाठी रिकाम्या उभ्या. कस्टमर केअर म्हणे, "सर, सबस्क्रिप्शन संपलंय." अरे, एरवी रात्री दोनला 'बॅटरी व्होल्टेज कमी' म्हणून उठवता, मग पैसे संपले हे सांगायला एक मेसेज जड झाला? भरले पैसे, वर जीएसटी. त्या रागातच लिहितोय.

फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत. मी घेतलं ते डिझेल सेन्सरसाठी, आणि डोक्याला ताप झाला तो त्याचाच. कोल्हापूरला जाताना गाडीत फाउंड्रीला द्यायचं बोरिंग, म्हणजे मशिनिंगचा लोखंडी चुरा, भरलेलं असतं. खंबाटकी चढायला लागली की ॲप बोंबलतं, 'इंधन चोरी, 14 लिटर'. घाट उतरला की 'इंधन भरले, 13 लिटर'. आमचे ड्रायव्हर मामा एकदा भडकलेच: "साहेब, गाडी घाट चढायलीय अन् तुमचं ॲप म्हणतंय मी डिझेल काढायलोय. चालत्या गाडीतून काढून ठेवू कुठं?"

कारण साधं आहे. प्रोब, म्हणजे डिझेलची पातळी मोजणारी सेन्सरची दांडी, टाकीच्या मधोमध पाहिजे. फिटरला तिथं पायरीचा ब्रॅकेट आडवा आला, त्यानं कडेला भोक पाडलं. चढावर डिझेल एका टोकाला सरकतं, प्रोबला वाटतं कमी झालं. शिवाय टाकी रिकामी करून थोडं थोडं डिझेल भरत कॅलिब्रेशन करायचं असतं, म्हणजे किती लिटरला प्रोब काय दाखवतो ते जुळवायचं. यानं नुसती टाकीची क्षमता मोबाइलवर टाकली आणि चहा पिऊन गेला. तक्रार केली तर उत्तर आलं, दुसऱ्या भोकाचा चार्ज वेगळा. म्हणजे चुकीच्या भोकाचा यांनी घेतला, बरोबर भोकाचाही मीच द्यायचा!

काढूनच टाकणार होतो. पण चाकणच्या एका गिऱ्हाइकानं माल उशिरा आल्यानं लाइन थांबली म्हणून डेबिट नोट (आमच्या बिलातून पैसे कापायची चिठ्ठी) पाठवली, तेव्हा पहिल्यांदा हॉल्ट रिपोर्ट, म्हणजे गाडी कुठं किती वेळ उभी होती तो, नीट उघडला. गाडी रात्री पावणेदहाला त्यांच्याच गेटवर पोचलेली, इंजिन बंद. आत घेतली दुसऱ्या दिवशी जेवणानंतर. प्रिंट काढून पर्चेसच्या साहेबांसमोर ठेवली. ते काही बोलले नाहीत, पण डेबिट नोट मागे घेतली आणि आता आम्हाला अनलोडिंगची ठरलेली वेळ मिळते. सेन्सरनं वाचवायचं ते डिझेल राहिलं बाजूला, पैसे वाचले ते गेटवर.

दुसरा फायदा स्टॉकचा. आधी अंदाजानं कास्टिंगचे ढीग लावून ठेवायचो. तो माल म्हणजे सीसी लिमिटवर (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर) रोज चढणारं व्याज. आता कोल्हापूरची गाडी कधी किती तासांत आली ते सगळं समोर दिसतं: वाघोलीची कोंडी, रविवार, पाऊस. त्यात सरासरी बघून उपयोग नाही, सगळ्यात उशिरा आलेल्या गाड्या बघायच्या आणि तेवढ्या दिवसांचा माल ठेवायचा. ढीग बराच खाली आला. शून्यावर मात्र आणणार नाही. जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, तेव्हा नकाशावर गाडी दिसून काय कामाची?

ई-वे बिलालाही, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदालाही, मदत होते: गाडी कुठं अडकलीय ते वेळेत कळतं. बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे कोल्हापूर-वाळूजला तीन. गाडी रस्त्यात बिघडली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंतच वाढवता येते, नाहीतर कराच्या दुप्पट दंडाची टांगती तलवार.

रिन्यू केलंय. डिझेल सेन्सरशिवायचा स्वस्त प्लॅन मागितला, तर तसा प्लॅनच नाही म्हणतात. त्यामुळे अलर्ट बंद ठेवून त्याचे पैसे भरतोय. नव्यानं घेणार असाल तर फिटर येईल तेव्हा टाकीपाशी स्वतः उभं राहा, आणि कॅलिब्रेशनचा तक्ता हातात पडल्याशिवाय बाकीचे पैसे देऊ नका.